तीनशे वर्षांची नवरी

नंदाबाईंच्या घरात बघण्याचा कार्यक्रम आजवर तीनच कारणांनी पुढे गेला होता. एकदा सुतक, एकदा भाताची लावणी आणि एकदा नवऱ्या मुलाच्याच अंगावर कांजिण्या उठल्या म्हणून. नातीने चौथं कारण काढलं. ताटाशेजारच्या तांब्याला मोबाईल टेकवून, त्याच्यावरची नजर न काढता अपेक्षा म्हणाली, "आजी, कार्ल्याच्या लोकांना सांग, माझी सिरीज संपल्यावर या."

"काय संपल्यावर?"

"सिरीज. थोडेच भाग राहिलेत."

नंदाबाईंनी उलथनं तव्यावरच ठेवलं. रागाच्या भरात उलथनं खाली ठेवायचं नाही, पुन्हा लागलं तर हाताशी असावं, असा त्यांचा शिरस्ता होता.

"तुझी सिरीज सरंस्तवर नवरदेव काय फाट्यावर उभा ऱ्हाणार हाय व्हय?"

अपेक्षा लोणावळ्याला एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला होती. दिवसभर पर्यटकांशी गोड बोलल्यावर घरी आणायला गोडवा उरत नाही, हे नंदाबाई समजून घेत. पण हे वागणं समजून घेण्यातलं नव्हतं. आकाशचं स्थळ त्यांनी स्वतः शोधलं होतं. त्यासाठी दोन लग्नं, एक वास्तुशांत आणि एक दहावा गाठला होता. मुलगा एकुलता एक, बापाचं म्हणजे बाजीरावांचं कार्ल्याजवळ हमरस्त्याला हॉटेल, दारात काळी गाडी आणि तिच्या काचाही काळ्या. नंदाबाई दुसरीच्या पुढे शिकल्या नव्हत्या. पण वरच्या वाडीपासून खाली टाकवे बुद्रुकपर्यंत त्यांनी जुळवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं, आणि त्यांनी मोडलेलं एकही पुन्हा जुळलं नव्हतं.

"मंग सगळे भाग आज रातीत बघ आन मोकळी हो," त्या म्हणाल्या.

"दर शुक्रवारी एकच येतो, आजी."

"त्यांना फोन लाव. म्हणावं, हितं लग्न खोळंबलंय."

फोन लागला नाही. तेव्हा नंदाबाईंनी ठरवलं, की ज्या वस्तूपायी नातीचं लग्न अडतं ती वस्तू आपण एकदा डोळ्यांनी बघायची. भांडायला जायचं तर दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते आधी माहीत असावं. त्या शुक्रवारी त्या चष्मा लावून अपेक्षाच्या शेजारी बसल्या, आणि तिथून पुढे जे झालं त्याला दुसऱ्या कुणाला जबाबदार धरता येत नाही. नंदाबाईंनी तसा प्रयत्न पुष्कळ केला.

सिरीज सात डोंगरांच्या राज्याची होती. माणसांचे कान टोकदार, आभाळात घोरपडीसारख्या तोंडाचं आग ओकणारं जनावर, आणि मिरेल नावाची चांदीच्या केसांची राजकन्या. वय तीनशे, दिसायला वीस. तिच्यामागे दोघं. एक आस्कर, काळ्या झग्यातला राजपुत्र. त्याचा किल्ला काळा, घोडा काळा आणि बोलणं दिवसातून दोन वाक्यं. दुसरा दोर्क, तिच्या लहानपणापासूनचा मित्र. शेळ्या राखायचा, बुटका होता आणि मिरेल आजारी पडली की कसलंसं कढण करून आणायचा.

पहिल्या शुक्रवारी नंदाबाईंनी शेतीचा मुद्दा काढला. "येवढे डोंगर आन एक खाचर न्हाई. ही मान्सं खात्यात काय?"

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी मिरेलचं लग्न ठरवून टाकलं. "त्या काळ्या झग्यावाल्याला द्यायची. किल्ला हाय, घोडं हाय."

"आजी, तो तिच्याशी नीट बोलतही नाही."

"तुझा आजा तरी कुटं बोलतोय?"

कोपऱ्यात बिडीचं बंडल शोधत बसलेले अंबाजी म्हणाले, "हं."

"दोर्कला तिनं सांगायच्या आधी कळतं तिला काय हवंय ते," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज नुसत्या सिरीजच्या मानाने जरा जास्तच चढला होता. "नवरा तोच असावा ना, ज्याच्याशी आधी मैत्री आहे?"

"मैतर मैतराच्या जागी. गुरं राखायला बरा. संसार म्हंजी काय गुरं राखनं हाय?"

खरं तर संसार म्हणजे बऱ्याच अंशी गुरं राखणंच आहे, हे नंदाबाईंना अंबाजींच्या अनुभवावरून माहीत होतं. पण वादात कुणी सगळं खरं बोलत नाही.

ही सिरीज घरात दिसत होती ती सत्यमच्या कृपेने. सत्यम हा समोरच्या सविताचा मुलगा. घर भावकीबाहेरचं, पण अंगण एकच म्हणावं इतकं लागून. तो गावोगाव वायफायच्या तारा ओढायचा, त्यामुळे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पत्र्यावर असायचा. सकाळी अपेक्षाला कान्हे स्टेशनावर बाईकने सोडायचाही तोच. गावाने त्यावर कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. ती दोघं शाळेत असताना नंदाबाईंनी भर ओट्यावर अपेक्षाला त्याच्या हातावर राखी बांधायला लावली होती, आणि नंदाबाईंनी घडवून आणलेली राखी म्हणजे तलाठ्याचा शिक्का. राखी मात्र तेवढी एकदाच झाली. पुढे दरवर्षी नेमका त्याच दिवशी सत्यम घोरावाडीला आत्याकडे गेलेला असायचा. आत्यावर एवढी माया असलेला भाचा नंदाबाईंनी दुसरा पाहिला नव्हता.

तिसऱ्या शुक्रवारी ओट्यावर आठ-दहा बायका होत्या. नंदाबाईंनी सिरीजची गोष्ट भात कांडायच्या गिरणीवर सांगितली, गिरणीवरून ती बचत गटात गेली आणि बचत गटातून वरच्या वाडीवर. वाडीवरची सावित्राबाई नंदाबाईंच्या खाचरात लावणीला यायची. लावणीत ती नंदाबाईंच्या पुढे असायची आणि वादातही. ती पहिल्या दिवसापासून दोर्कच्या बाजूची होती. सत्यमने कुठून तरी जुना टीव्ही आणून जोडला आणि तार घट्ट करायला पत्र्यावर चढला.

त्या भागात लढाईच्या आधी मिरेलने डोक्याचा एक चांदीचा केस उपटला, त्याचा पीळ केला आणि दोर्कच्या मनगटावर बांधला.

नंदाबाईंनी मांडीवर थाप मारली. "झालं! राखी बांधली!"

"आजी, ती शपथ आहे," अपेक्षा म्हणाली. "तो तिचं रक्षण करणार म्हणून."

"मंग राखी म्हंजी दुसरं काय असतंय?"

अपेक्षाने तोंड उघडायच्या आत उत्तर सावित्राबाईला सुचलं. "आमी बैलाच्या गळ्यात गंडा बांधतो. बैल काय भाऊ झाला?"

"बैलाचं बैलापाशी. बाईनं पुरुषाच्या मनगटाला दोरा बांधला, इषय संपला. त्याच्याशी तिचं लगीन लागायचं न्हाई, मी सांगते." आणि आपण काही कोत्या मनाने बोलत नाही हे कळावं म्हणून नंदाबाईंनी घरचा दाखला दिला. "आमच्या अपेक्षानं त्या सत्यमला बांधली, तवा त्या पोरानं ओवाळणीबी दिली न्हाई. तरी मी भाऊ म्हनलं ते म्हनलं. माघार न्हाई."

पत्र्यावरून आवाज आला. "आजी, मग हे फायनल का?"

"फायनल!"

अपेक्षाने त्या रात्री अर्धी भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशी सत्यमची बाईक पंक्चर निघाली. तिसऱ्या दिवशीही निघाली. अपेक्षा चालत फाट्यावर जाऊन टमटम धरू लागली, आणि कार्ल्याच्या लोकांना कधी बोलवायचं असं विचारलं की म्हणू लागली, "बोलाव कधीही. आता काय फरक पडतो." नंदाबाईंना वाटलं, पोरगी वळणावर आली. वळणावर आलेली पोरगी जेवत का नाही, हा प्रश्न तेवढा राहिला.

शेवटचा भाग जवळ आला तशी पंचाईत झाली. नंदाबाईंच्या निकालाने गावाच्या दोन फळ्या झाल्या होत्या, राखीवाल्या आणि गंडावाल्या, आणि दोन्ही ओट्यावर मावेनात. कुणी म्हणालं देवळात लावा, पण देवळात आग ओकणारं जनावर दाखवायला गुरव तयार होईना. कुणी म्हणालं मळणीच्या खळ्यावर, पण थंडी होती. समाजमंदिर हवं, असं ठरलं. त्यासाठी नंदाबाई पंचायतीत हनुमंत कारकुनापुढे जाऊन बसल्या.

"कार्यक्रमाचा प्रकार?" हनुमंतने विचारलं. छापील अर्जात विवाह, साखरपुडा, बारसं, दशक्रिया आणि शासकीय एवढेच प्रकार होते.

"सिरीज हाय."

"सिरीज यात बसत नाही, मावशी. दशक्रिया लिहू?"

"तुझी लिही."

हनुमंतने पेनाचं टोपण लावलं. नंदाबाईंनी मनाशी विचार केला. शेवटी मिरेलचं लग्नच ठरायचं होतं. "लगीन लिही," त्या म्हणाल्या.

"नवरीचं नाव?"

"मिरेल."

"वय?"

"तीनशे."

हनुमंतने वर पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं. "म्हणजे अठरा पूर्ण आहेत. नवरदेव?"

"ते शुक्रवारी कळंल."

"नवरदेवाचा रकाना रिकामा ठेवून परवानगी देता येत नाही."

"दोन नावं लिही, लागंल ते ठेव."

शेवटी हनुमंतने नवरा-नवरी दोन्ही रकान्यांत 'अर्जदाराकडील' असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे बाहेरच्या फळ्यावर खडूने टाकलं: 'शुक्रवार, सायंकाळी, समाजमंदिर, विवाह. नंदाबाई अंबाजी यांचेकडील.' कुणीतरी त्याचा फोटो काढून मोबाईलवरून गावोगाव धाडला. फोटो काढणाऱ्याचं नाव अजून कळलेलं नाही आणि त्याच्या दृष्टीने ते बरं आहे.

गुरुवारी सकाळी अंबाजींची बहीण आहेराचं लुगडं आणि हाताची पिशवी घेऊन पवना धरणाकडून उतरली. दुपारी मंडपवाला माप घ्यायला आला. संध्याकाळी नंदाबाईंचा मुलगा संदेश कारखान्यातली पाळी अर्धी टाकून तळेगावाहून धापा टाकत आला. सगळ्या खात्याने त्याचं अभिनंदन करून पेढे मागितले होते.

"आई, माझ्या पोरीचं लग्न! मला सांगायचं तरी!"

"तुझ्या पोरीचं न्हाई, मिरेलचं."

"मिरेल कोण?"

"राजाची पोरगी."

संदेश पायरीवर बसला. त्याच्यासमोर अंबाजी बसले होते. "मग लगीन कुणाशी?" अंबाजींनी विचारलं.

एवढ्यात बाजीरावांचा फोन आला. बाजीराव हॉटेलवाले, गिऱ्हाइकाशी बोलावं तसे शांत बोलत होते आणि तेच वाईट होतं. "नंदाबाई, आमच्या पोराला ताटकळत ठेवून तुम्ही परस्पर उरकताय, असं ऐकलं."

नंदाबाईंचा आजवर कुणी असा जबाब घेतला नव्हता. खरं सांगायचं तर सिरीज, घोरपड, राखी आणि हनुमंत एवढं सगळं फोनवर सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा त्या म्हणाल्या, "उद्याच्याला पोराला घिऊन या. आमी काय उरकतो ते सवताच्या डोळ्यांनी बघा. पोरगीबी बघा."

अशा रीतीने शुक्रवारी समाजमंदिरात तीनशे वर्षांच्या नवरीचं लग्न, चोवीस वर्षांच्या मुलीचा बघण्याचा कार्यक्रम आणि आहेर घेऊन आलेल्या पाहुण्यांची पंगत हे सगळं एकदम उभं राहिलं. पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं, म्हणून मसालेभाताचं पातेलं चढलं. पडद्यासाठी अंबाजींचं नवं धोतर लावलं होतं, त्यामुळे अंबाजी संदेशच्या पायजम्यात एका बाजूला बसले होते. सत्यमने कामशेतहून प्रोजेक्टर आणला. तो तारा जोडत बसला. अपेक्षाला साडी नेसवली होती आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

आकाश आला. दिसायला नीटनेटका होता, त्यात खोट काढता येत नव्हती. बसल्यावर तो नंदाबाईंना म्हणाला, "आज्जी, लग्नानंतर हिला लोणावळ्याला जायची गरज नाही. आपल्याकडे काउंटरला माणसं आहेत." हे वाक्य नंदाबाईंनी स्वतःच बाजीरावांना सुचवलेलं होतं. पण ते ऐकताना अपेक्षाचा चेहरा अर्ध्या भाकरीच्या दिवशी झाला होता तसाच झाला. नंदाबाईंनी तो पाहिला आणि मसालेभाताला मीठ झालंय का ते बघायला उगाच उठल्या.

सिरीज सुरू झाली. लढाई झाली, जनावर मेलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राजाचा दरबार भरला. आस्कर एका बाजूला, दोर्क दुसऱ्या बाजूला, खांद्यावर घोंगडी टाकून निघायच्या तयारीत. राजा म्हणाला, "मिरेल, बोल. तू कोणाची निवड करतेस?"

मिरेलने तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर पांढरं चक्र गरगर फिरू लागलं.

समाजमंदिरात एकच कालवा उठला. सत्यम शिडी लावून बाहेरच्या पत्र्यावर चढला. आत राखीवाल्या आणि गंडावाल्या यांची जुंपली. आकाशने मोबाईलवरून मान वर केली. "काय एवढं? सिंपल आहे. तो फ्रेंड आहे ना? फ्रेंड सामान उचलायला असतो." बाजीराव हसले. त्यांच्या शेजारचे दोघं हसले.

नंदाबाई हसल्या नाहीत, कारण त्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीशी अपेक्षा उभी होती. वरून पत्र्याच्या कडेला एक हात खाली यायचा. तोंडाने काही मागणं नाही, खूण नाही. अपेक्षा त्यात पक्कड द्यायची. हात वर जायचा. पुन्हा यायचा, ती चिकटपट्टी द्यायची. पुन्हा यायचा, ती बॅटरी द्यायची. हातात भलतीच वस्तू एकदाही पडली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात नंदाबाईंनी अंबाजींकडे मीठ मागितलं, तर अंबाजी आधी "कशाला" म्हणत.

त्यांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. मनगट रिकामं होतं. मग त्यांना घोरावाडीची आत्या आठवली. दरवर्षी, राखीच्याच दिवशी आठवणारी आत्या. मग पंक्चर बाईक आठवली, अर्धी भाकरी आठवली, "हे फायनल का" आठवलं. एवढा ढळढळीत ऐवज समोर पडलेला असताना, लग्नं जुळवण्यात सगळी हयात गेलेल्या बाईला तो दिसू नये, याचं दुःख त्यांना सगळ्यात जास्त झालं.

"बोला की, नंदाबाई!" सावित्राबाई पुढच्या रांगेतून ओरडली. "चाक काय थांबत न्हाई. तुमीच सांगा पुन्यांदा सगळ्यांम्होरं, राखी का गंडा?"

आता गोची अशी होती, की माघार घ्यायची तर सावित्राबाईपुढे घ्यायची, म्हणजे पुढची सगळी लावणी बैलाचा दाखला ऐकत करायची. आणि माघार नाही घ्यायची, तर खिडकीशी उभी आहे ती पोरगी काळ्या काचांच्या मागे जाऊन बसणार. नंदाबाई उठल्या. पदर खोचला.

"अपेक्षे, हिकडं ये. तिनं दोरा बांधला, तवा त्या दोर्क्यानं ओवाळणी काय दिली?"

"ओवाळणी?" अपेक्षा गोंधळली. "काही नाही. नुसता बघत राहिला."

"फळ, फूल, शेरडू, कायबी?"

"काहीच नाही, आजी."

"सविता, उभी ऱ्हा. तुझ्या पोराला आमी राखी बांधली, तवा तुमी काय दिलं?"

सविता इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत असावी. "मी ब्लाउजपीस घेऊन आले होते! तुम्हीच उंबऱ्यावरून परत धाडलंत! 'आमी काय ओवाळणीसाठी राखी बांधतो व्हय,' म्हणालात!"

"म्हनलं का न्हाई? सगळ्यांनी ऐका. म्हंजी तितंबी ओवाळणी झाली न्हाई, आन हितंबी झाली न्हाई." नंदाबाईंनी सभेवरून नजर फिरवली. "बहिणीनं बांधायची आन भावानं ओवाळणी टाकायची, तवा राखी पुरी. ओवाळणीबिगर बांधला, तो नुसता दोरा. त्यानं कुनी कुनाचा भाऊ व्हत न्हाई. मी माघार घेत न्हाई, मी निकाल पुरा करते."

"मी हेच म्हनत हुते!" सावित्राबाई म्हणाली.

"तू बैलाचं म्हनत हुतीस."

बाहेरच्या पत्र्यावर पक्कड पडल्याचा आवाज झाला. मग सत्यमचा आवाज आला. "आजी, हे फायनल का?"

समाजमंदिर हसलं. अपेक्षाने पदरात तोंड लपवलं. संदेशने बापाकडे पाहिलं, आणि अंबाजींच्या ध्यानात गावात सगळ्यात आधी आलं असावं, कारण ते म्हणाले, "हं. मग लगीन ह्याच्याशी."

बाजीराव उभे राहिले. "नंदाबाई, म्हणजे आमचं काय समजायचं?"

स्वतः आणलेलं स्थळ स्वतः मोडायची नंदाबाईंची ही पहिलीच वेळ. पण आवाज हलला नाही. "तुमचं पोरगं चांगलं हाय, बाजीराव. त्याला हिच्यापेक्षा बरी मी बघते. हिला मात्र कुनी हात म्होरं केला की काय द्यायचं ते कळतंय, आन त्यो हात तुमच्या पोराचा न्हाई. आता जेवून जावा, भात गरम हाय."

आकाशने खांदे उडवले आणि ताटावर बसला. भात खरंच चांगला झाला होता.

एवढ्यात चक्र थांबलं. मिरेलचं उघडलेलं तोंड हललं. तिने दोर्ककडे एकदा पाहिलं, डोळे पुसले आणि आस्करचा हात धरला. काळा झगा फडफडला, दोर्क घोंगडी सावरत डोंगर उतरून गेला, आणि अंबाजींच्या धोतरावर नावं वर वर सरकू लागली.

गंडावाल्या सुन्न झाल्या. राखीवाल्यांनाही आता आनंद होईना. अपेक्षा पंगतीत बसली होती, पण तिचे डोळे भरून आले आणि मसालेभात तसाच राहिला. "असं कसं केलं तिनं? इतकी वर्षं तो बरोबर होता," ती पुटपुटली.

नंदाबाई वाढता वाढता थांबल्या. पळी तिच्या ताटावर तशीच धरून, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिच्या घरात कुनी मोठं मानूस न्हाई, म्हनून तिनं तसं केलं. तुझ्या घरात मी हाय. पर देवानं तुला तोंड दिलंय, ते काय निसतं काउंटरवर बोलायला? मनातलं येक वाक्य सांगायला अख्खी सिरीज लावलीस, गाव गोळा केलं आन तुझ्या आज्याचं नवं धोतर भितीला टांगलंस! आता गुमान जेव. आन त्याला सांग, पत्र्यावरनं उतर म्हनावं, आन येत्या राखीला घोरावाडीला जायाचं काम न्हाई."